संपूर्ण वेब ॲप्लिकेशनसाठी एकच एन्कोडिंग ठरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एक छोटा चमू गृहनिर्माण संस्थांसाठी वेब ॲप्लिकेशन चालवतो. सभासदांची नावे, सदनिकांचे क्रमांक, देखभाल शुल्काची बिले आणि सभांची इतिवृत्ते त्यात ठेवली जातात. ॲप्लिकेशन जावामध्ये लिहिलेले आहे, टॉमकॅट या वेब सर्व्हरवर चालते आणि माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवते. काही पानांवर मराठी नावे नीट दिसतात, काही पानांवर त्याच नावांची प्रश्नचिन्हे होतात, आणि रात्री आपोआप जाणाऱ्या बिलांच्या ईमेलमध्ये तिसरेच काही उमटते. प्रत्येक जेएसपी पानाच्या (ज्यापासून वेब पान तयार होते त्या साच्याच्या) डोक्यावर मेटा टॅग घालून झाला, काही सर्व्हलेटमध्ये (विनंती हाताळणाऱ्या जावा कोडमध्ये) एन्कोडिंग, म्हणजे कोणत्या अक्षराचे कोणते बाइट हे सांगणारा तक्ता, ठरवणारी ओळही घातली, तरी दर महिन्याला एखादे नवे पान बिघडलेले सापडते. हे सगळे एकदाच, एकाच जागी ठरवता येणार नाही का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी सरळ उत्तर देतो. संपूर्ण ॲप्लिकेशनसाठी एकच एन्कोडिंग ठरवता येते आणि ते यूटीएफ-८ असावे, पण ते एका जागी लिहून भागत नाही. ॲप्लिकेशनमधून प्रवास करणारा मजकूर कधी बाइटच्या रूपात असतो, कधी अक्षरांच्या. ज्या ठिकाणी एकाचे दुसरे होते त्या ठिकाणाला मी नाका म्हणतो. प्रत्येक नाक्यावर हे बाइट कोणत्या तक्त्याने वाचायचे, हा प्रश्न उभा राहतो, आणि आपण उत्तर लिहून ठेवलेले नसेल तर तो नाका स्वतःच्या समजुतीने काम उरकतो. ही समजूत यंत्रागणिक आणि आवृत्तीगणिक वेगळी असते, म्हणूनच विकसकाच्या लॅपटॉपवर नीट चाललेले पान सर्व्हरवर गेल्यावर बिघडते. नाके मोजकेच आहेत. प्रत्येकावर एकदाच आणि स्पष्टपणे यूटीएफ-८ लिहावे, आणि ते योग्य वेळी लागू होते की नाही हे तपासावे. (पुढे आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टंकताना ती मूळ रोमन रूपातच टंकावीत.)

‘ठाणे’ हा शब्द घ्या. डोळ्यांना त्यात दोन अक्षरे दिसतात. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबाने तो चार घटकांचा आहे: ठ, काना, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या मूळ गटातील प्रत्येक घटकाला ३ बाइट लागतात, म्हणून ‘ठाणे’चे १२ बाइट होतात. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, ते असे: ई० ए४ ए०, ई० ए४ बीई, ई० ए४ ए३ आणि ई० ए५ ८७. प्रत्येक तिकडीचा पहिला बाइट ई० आणि दुसरा ए४ किंवा ए५. देवनागरीची ही खूण लक्षात ठेवावी, पुढे ती फार उपयोगी पडते. हेच १२ बाइट कोणी विंडोज-१२५२ या पाश्चात्त्य तक्त्याने वाचले तर त्याला १२ निरनिराळी चिन्हे दिसतात. प्रत्येक तिकडीच्या सुरुवातीला डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ए येते, त्यामागे चलनाचे गोल चिन्ह किंवा येनचे चिन्ह, आणि तिसऱ्या जागी ‘ठाणे’च्या बाबतीत अनुक्रमे न दिसणारी मोकळी जागा, पाऊण हा अपूर्णांक, पाउंडाचे चिन्ह आणि दुहेरी खंजिराची खूण. हा मजकूर कचऱ्यासारखा दिसतो, पण त्यात मूळ शब्दाचा एकही बाइट हरवलेला नाही.

म्हणून बिघाड दिसला की कोणतीही सेटिंग बदलण्याआधी चिन्हे मोजावीत. ‘ठाणे’च्या जागी ४ प्रश्नचिन्हे असतील, तर अक्षरे तोपर्यंत शाबूत होती आणि त्यांचे बाइट करताना देवनागरी नसलेला तक्ता वापरला गेला, तसे ते साठवले गेले असेल तर मूळ नाव गेले, ते कोणत्याही आज्ञेने परत मिळणार नाही. १२ अनोळखी चिन्हे असतील, तर बाइट ठीक होते आणि वाचणारा चुकला. नाव बहुधा परत मिळते. १२ प्रश्नचिन्हे असतील, तर बाइट निव्वळ ॲस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचा जुना तक्ता, समजून वाचले आणि नंतर पुन्हा लिहिले गेले. अँपरसँड, हॅश आणि मग २३३६ असा आकडा दिसत असेल, तर पानच यूटीएफ-८ नव्हते: ठ हे अक्षर पाठवण्याची सोय न सापडल्यामुळे ब्राउझरने त्याचा युनिकोड क्रमांक पाठवला. रिकामे ठोकळे दिसत असतील तर फॉन्ट नाही, आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर उमटत असेल तर मजकूर निर्दोष असून तो चितारणारी लायब्ररी देवनागरीची मांडणी जाणत नाही. शेवटच्या दोन्ही दोषांचा एन्कोडिंगशी संबंध नाही, आणि त्यांच्यासाठी सेटिंग बदलत बसलेले अनेक जण मी पाहिले आहेत.

आता पहिला नाका, म्हणजे फॉर्मचा. साधा एचटीएमएल फॉर्म पाठवताना ब्राउझर पानाच्या एन्कोडिंगमध्ये बाइट तयार करतो, पण ते एन्कोडिंग कोणते, हे विनंतीच्या हेडरमध्ये सांगत नाही. सर्व्हलेटच्या नियमानुसार असे काही सांगितलेले नसेल तर मजकूर आयएसओ-८८५९-१ या पाश्चात्त्य तक्त्यातला समजला जातो, आणि मराठी तिथेच बिघडते. तुमची काही पाने चालतात आणि काही चालत नाहीत याचे पुष्कळसे उत्तर इथे असावे. जेक्वेरी या ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट लायब्ररीने पाठवलेल्या विनंतीच्या हेडरमध्ये यूटीएफ-८ चा उल्लेख आपोआप असतो, त्यामुळे ती पाने काही न करता नीट चालतात. साध्या फॉर्मची पाने बिघडतात. आणि ज्या फॉर्मवर सभासदाचा फोटोही चढवायचा असतो तिथे आणखी वेगळा प्रकार होतो, कारण कॉमन्स फाइलअपलोड या फाइली स्वीकारणाऱ्या लायब्ररीच्या जुन्या १.एक्स मालिकेत मजकूर मागताना एन्कोडिंग दिले नाही तर तीही आयएसओ-८८५९-१ धरते. एकाच ॲप्लिकेशनमध्ये हे तीनही मार्ग असले की कोणताही एक उपाय अर्धवटच वाटतो.

रूढ उपाय म्हणजे एक फिल्टर, म्हणजे प्रत्येक विनंती सर्व्हलेटकडे जाण्याआधी चालणारा कोड, लिहून त्यात विनंतीवर सेट-कॅरेक्टर-एन्कोडिंग ही आज्ञा चालवणे. स्प्रिंगमध्ये यासाठी कॅरेक्टर-एन्कोडिंग-फिल्टर तयार मिळतो, टॉमकॅटसोबतही तसा फिल्टर येतो, आणि स्प्रिंग बूटमध्ये तो मुळातच यूटीएफ-८ वर लावलेला असतो. पण या आज्ञेची एक अट आहे आणि बहुतेकांचे पाऊल तिथेच चुकते. विनंतीतील पहिला पॅरामीटर वाचला जाण्यापूर्वीच ती चालली पाहिजे. टॉमकॅट पॅरामीटर एकदाच उलगडतो आणि लक्षात ठेवतो. त्यानंतर एन्कोडिंग बदलले तर तक्रार होत नाही, नोंद होत नाही आणि परिणामही होत नाही.

आमच्या महाप्याच्या कार्यालयात या एका अटीने आमचे तीन दिवस घेतले होते. फिल्टर होता, यूटीएफ-८ लिहिलेले होते, चाचणीच्या सर्व्हरवर सगळे ठीक होते, आणि प्रत्यक्ष वापरात मात्र नावे बिघडत होती. शेवटी दोन्हीकडच्या वेब-एक्सएमएल फाइली (ॲप्लिकेशनची सेटिंग असलेल्या) शेजारी शेजारी ठेवून ओळीने वाचल्या, तेव्हा दिसले की प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर लेखापरीक्षणासाठी एक जादा फिल्टर लावलेला होता. कोणी काय बदलले याची नोंद ठेवण्यासाठी तो फक्त एक पॅरामीटर वाचत असे, तोही इंग्रजी आकड्यांचा, पण तो आमच्या फिल्टरच्या आधी होता. त्या एका वाचनात सगळे पॅरामीटर चुकीच्या तक्त्याने उलगडले जात होते. फिल्टर-मॅपिंगच्या दोन ओळींची अदलाबदल केली आणि बिघाड थांबला. तुम्हीही सुरक्षा, लॉगिंग आणि सत्र सांभाळणारे सगळे फिल्टर एकदा क्रमाने लिहून काढा. एन्कोडिंगचा फिल्टर त्या सर्वांच्या आधी हवा.

त्याहून चांगला मार्ग सर्व्हलेट ४.० मध्ये, म्हणजे २०१७ पासून उपलब्ध आहे. वेब-एक्सएमएलमध्ये रिक्वेस्ट-कॅरेक्टर-एन्कोडिंग आणि रिस्पॉन्स-कॅरेक्टर-एन्कोडिंग असे दोन घटक लिहिता येतात. हे डीफॉल्ट खुद्द कंटेनर, म्हणजे टॉमकॅट, लावतो, त्यामुळे फिल्टरच्या क्रमाचा प्रश्नच उरत नाही. टॉमकॅट ९ पासून हे चालते. तुमची आवृत्ती तेवढी नवी असेल तर सर्व्हलेटमध्ये विखुरलेल्या सगळ्या ओळी काढून टाका आणि या दोन ओळी ठेवा. जुन्या ओळी राहू दिल्या तर बिघडत काही नाही, पण पुढच्या वर्षी रुजू होणाऱ्या सहकाऱ्याला खरा निर्णय कुठे झाला आहे हे कळणार नाही.

पत्त्याच्या ओळीतून येणारा मजकूर, उदाहरणार्थ शोधासाठी टाकलेले नाव, हा वेगळा नाका आहे आणि वरील सेटिंग त्याला लागू होतेच असे नाही. त्यासाठी टॉमकॅटच्या सर्व्हर-एक्सएमएलमध्ये कनेक्टरवर यूआरआय-एन्कोडिंग हा गुणधर्म असतो. टॉमकॅट ७ पर्यंत त्याचे डीफॉल्ट आयएसओ-८८५९-१ होते, टॉमकॅट ८ पासून ते यूटीएफ-८ झाले. डीफॉल्ट बरोबर असले तरी ते लिहून ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर परत जाण्याच्या नाक्यावर मेटा टॅगविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. मेटा टॅग सर्व्हरला काहीही सांगत नाही. तो फक्त ब्राउझरसाठी असतो, आणि कंटेंट-टाइप हेडरमध्ये वेगळे काही लिहिलेले असेल तर ब्राउझर हेडरचे ऐकतो. शिवाय तो पानाच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये असावा लागतो; वर लांबलचक टिपा किंवा स्क्रिप्ट असतील तर त्याचा भरवसा नाही. तो अवश्य ठेवा, पण निर्णय हेडरमध्ये करा. जेएसपी फाइल डिस्कवरून वाचताना वापरायचे एन्कोडिंग ही आणखी निराळी गोष्ट आहे. तिचे डीफॉल्टही आयएसओ-८८५९-१ आहे, आणि ‘सभासदाचे नाव’ यासारखी पानातच लिहिलेली मराठी त्यामुळे बिघडते. वेब-एक्सएमएलमध्ये जेएसपी-प्रॉपर्टी-ग्रुप लिहून सर्व जेएसपी फाइलींसाठी पेज-एन्कोडिंग यूटीएफ-८ एकदाच ठरवता येते. मराठी संदेश प्रॉपर्टीज फाइलींत ठेवले असतील तर जावा ९ पासून रिसोर्स-बंडल त्या यूटीएफ-८ समजून वाचते. जावा ८ वर असाल तर तसे नाही.

आता रात्रीच्या ईमेलकडे येतो, कारण त्याचे कारण मला जवळजवळ खात्रीने सांगता येते. जावा १७ पर्यंत, जिथे एन्कोडिंग सांगितलेले नसेल तिथे जावा यंत्राचे डीफॉल्ट वापरते. विंडोजवर ते साधारणपणे विंडोज-१२५२ असते. लिनक्सवर ते लँग आणि एलसी-ऑल या पर्यावरण चलांवरून ठरते. तुम्ही सर्व्हरवर लॉगिन करून काम चालवता तेव्हा तुमच्या सत्रात लँग यूटीएफ-८ असते, म्हणून बिले नीट निघतात. रात्री तेच काम क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणारा प्रोग्राम, चालवते, आणि क्रॉन आपल्या कामांना अगदी मोजके पर्यावरण देते; त्यात लँग नसेल तर जावा ॲस्कीवर उतरते आणि प्रत्येक मराठी घटकाचे एक प्रश्नचिन्ह होते. डॉकरच्या अनेक मूळ प्रतिमांमध्येही हीच स्थिती असते. दिवसा हाताने चालवले तर बरोबर आणि रात्री आपोआप चालले तर चूक, ही खूण दिसली की दुसरीकडे शोधू नये. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून डीफॉल्ट सर्व यंत्रांवर यूटीएफ-८ झाले आहे. तोपर्यंत जावा सुरू करतानाच फाइल-एन्कोडिंगचा पर्याय यूटीएफ-८ द्यावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःच्या कोडमध्ये गेट-बाइट्स, फाइल-रीडर किंवा नवी स्ट्रिंग बनवणे, जिथे जिथे बाइट आणि अक्षरे भेटतात, तिथे एन्कोडिंग नाव घेऊन लिहावे. ईमेलचा विषय आणि मजकूर ठरवणाऱ्या आज्ञांनाही ते वेगळे द्यावे लागते.

डेटाबेसच्या नाक्यावर मात्र थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण इतर ठिकाणची चूक पान पुन्हा उघडल्यावर सुधारते, इथली चूक साठून राहते. मायएसक्यूएलमध्ये एन्कोडिंग पाच पातळ्यांवर असते: सर्व्हर, डेटाबेस, टेबल, स्तंभ आणि जोडणी. पहिल्या तीन पातळ्यांची सेटिंग फक्त नवी गोष्ट तयार होताना लागू होते. मायएसक्यूएल ८.० मध्ये सर्व्हरचे डीफॉल्ट लॅटिन१ या पाश्चात्त्य तक्त्यावरून यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८) झाले, पण त्याआधी तयार केलेले टेबल आवृत्ती बदलल्यावरही लॅटिन१ च राहते. खरा अधिकार स्तंभाचा असतो, म्हणून शो-क्रिएट-टेबल चालवून प्रत्येक स्तंभ पाहावा. जोडणीचे एन्कोडिंग हे क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातील वचन आहे: मी पाठवतो ते बाइट या तक्त्याचे आहेत. हे वचन खोटे असले तरी मायएसक्यूएलला ते ओळखता येत नाही. ॲप्लिकेशन यूटीएफ-८ बाइट पाठवते आणि जोडणी म्हणते लॅटिन१, अशा स्थितीत प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र अक्षर मानले जाते आणि ते पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिले जाते, म्हणजे मजकूर दुहेरी एन्कोड होतो. म्हणून जावाच्या जोडणीच्या पत्त्यात कॅरेक्टर-एन्कोडिंग स्पष्ट लिहावे, आणि ड्रायव्हर जुना असेल तर तो सर्व्हरच्या सेटिंगकडे पाहतो, म्हणून तीही बदलावी.

मायएसक्यूएलमधील नुसते यूटीएफ८ हे नाव फसवे आहे. त्यात एका घटकाला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. देवनागरी त्यात बसते, त्यामुळे मराठीचे काम भागते असे वाटते, आणि नंतर कोणी इतिवृत्तात एखादे इमोजी टाकले की स्ट्रिक्ट मोडमध्ये चूक येते, नसेल तर त्या जागेपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. आपल्या दृष्टीने इमोजीपेक्षा मोठे कारण मोडीचे आहे. २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आलेल्या मोडी लिपीच्या प्रत्येक घटकाला यूटीएफ-८ मध्ये ४ बाइट लागतात. जुनी दप्तरे, दस्त आणि जमिनीचे कागद मोडीत आहेत, आणि ते मूळ लिपीत साठवण्याची वेळ महाराष्ट्रातल्या कोणत्याही ॲप्लिकेशनवर येऊ शकते. यूटीएफ८एमबी४ हे २०१० पासून, म्हणजे आवृत्ती ५.५.३ पासून उपलब्ध आहे, तेच वापरावे. जुन्या आवृत्तीत निर्देशांकाची मर्यादा ७६७ बाइट असल्यामुळे २५५ लांबीच्या स्तंभाचा पूर्ण निर्देशांक होत नाही आणि १९१ पर्यंत यावे लागते, एवढी एक अडचण आहे.

सेटिंग दुरुस्त झाल्यावर आधी साठलेल्या नावांचे काय करायचे, हा भाग मी सर्वात जपून लिहितो आहे. ज्या नावाची प्रश्नचिन्हे साठली आहेत ते कागदावरून पुन्हा टंकावे लागेल. दुहेरी एन्कोड झालेले नाव मात्र परत मिळते. ते ओळखण्यासाठी स्तंभाचे हेक्स रूप पाहा. निरोगी मराठी मजकुरात ई०ए४ आणि ई०ए५ या जोड्या दिसतात. दुहेरी झालेल्या मजकुरात त्यांच्या जागी सी३ए०सी२ए४ आणि सी३ए०सी२ए५ दिसतात. निरोगी ‘ठाणे’ची लांबी ४ घटक आणि १२ बाइट येते, दुहेरी झालेल्याची १२ घटक आणि २५ बाइट. दुरुस्तीची रीत अशी की स्तंभातला मजकूर लॅटिन१ मध्ये बदलायचा, तो निव्वळ बायनरी म्हणून घ्यायचा आणि मग यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचायचा.

पण ही आज्ञा सरसकट संपूर्ण टेबलवर कधीही चालवू नये. नवी मुंबईतील घाऊक बाजारातल्या एका पेढीच्या कामात आम्ही तसे केले. सेटिंग सकाळी दुरुस्त झाली होती, दुरुस्तीची आज्ञा दुपारी चालवली, आणि मधल्या चार तासांत बरोबर साठलेली सगळी नावे प्रश्नचिन्हे झाली, कारण खरी देवनागरी लॅटिन१ मध्ये बदलता येतच नाही. आदल्या रात्रीची प्रत होती. ती सकाळची नव्हती. पेढीवरच्या दोन जणांनी आणि आम्ही कागदी पावत्यांवरून ती नावे संध्याकाळपर्यंत पुन्हा भरली. तेव्हापासून आज्ञेत हेक्सची वरील खूण ही अट असतेच, आणि आधी टेबलाची प्रत काढली जातेच. स्तंभ लॅटिन१ असून त्यात यूटीएफ-८ बाइट जसेच्या तसे पडलेले असतील तर प्रकार आणखी वेगळा असतो: तिथे स्तंभ आधी बायनरी करून मग यूटीएफ८एमबी४ करावा. थेट कन्व्हर्ट-टू ही आज्ञा दिली तर आजवर परत मिळण्याजोगा असलेला मजकूर त्याच क्षणी दुहेरी होतो.

दुरुस्ती जावामध्ये करणार असाल तर आणखी एक गोष्ट जाणून घ्या. ती मराठीला विशेष नडते. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता पाहा, आपल्या पाय मोडण्याच्या चिन्हाचा, म्हणजे हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी आहे. पहिल्या उकाराचा ८१ आहे. ए चा ८एफ, ऐ चा ९० आणि झ चा ९डी. म्हणजे विंडोज-१२५२ समजून जावाने एकदा वाचलेल्या मजकुरातून सगळी जोडाक्षरे आणि सगळे पहिले उकार मोडतात. ठाणे, कळवा, वाशी, घणसोली आणि बेलापूर जसेच्या तसे परत मिळतात. कल्याण, मुंब्रा, तुर्भे आणि ऐरोली मिळत नाहीत. दुरुस्ती अर्धी यशस्वी झाली आणि का ते कळत नाही, असे सांगणाऱ्यांच्या यादीत बहुतेक वेळा हीच विभागणी निघते. आयएसओ-८८५९-१ मध्ये मात्र सर्व २५६ जागा भरलेल्या आहेत, त्यामुळे त्या तक्त्याने चुकून वाचलेले सगळे परत येते. मायएसक्यूएलचे लॅटिन१ हे मुळात विंडोज-१२५२ असले तरी त्याने या पाच जागा स्वतः भरून घेतल्या आहेत. म्हणून दुरुस्ती ज्याने बिघडवले त्याच तक्त्याने करावी.

बाहेर जाणाऱ्या वाटांपैकी दोनच सांगतो. सभासदांची यादी सीएसव्ही स्वरूपात दिली की ती एक्सेलमध्ये बिघडलेली दिसते, कारण फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे ३ बाइट नसतील तर एक्सेल ती यंत्राच्या जुन्या तक्त्याने उघडू शकते. त्या एका फाइलपुरते ते बाइट घालावेत, इतरत्र कुठेही नकोत. एसएमएसमध्ये मराठी पाठवली की एका संदेशात १६० ऐवजी ७० घटकच मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हे सगळे त्यात मोजले जाते.

एवढे झाल्यावरही शोधात नाव सापडत नाही अशी तक्रार येईल, आणि ती एन्कोडिंगची वाटली तरी तशी नसेल. ‘कऱ्हाड’ हा शब्द तीन प्रकारे साठलेला असू शकतो: ऱ या स्वतंत्र घटकाने, र आणि नुक्ता अशा जोडीने, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडणीचिन्ह अशा जुन्या पद्धतीने. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. तसेच ‘ॲड.’ या उपाधीतील ॲ हा घटक युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. त्याआधीच्या टंकपद्धती अ आणि वर अर्धचंद्र असे दोन घटक टाकतात. मजकूर साठवण्यापूर्वी तो युनिकोडच्या एनएफसी या एका ठरावीक रूपात आणावा. त्याने ऱ ची पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे रूप आणि ॲ यांच्यासाठी स्वतःचा बदल लिहावा लागतो. तो लिहिताना अदृश्य जोडणीचिन्ह नुसते काढून टाकू नये, कारण मग ‘कऱ्हाड’मधील अर्धा र पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो; र, हलन्त आणि जोडणीचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली इतिवृत्ते तुम्हाला संस्थांकडून मिळत असतील, तर ती मुळात युनिकोड नाहीत. त्यांना परिवर्तकातूनच काढावे लागते.

हे सगळे टिकावे म्हणून एक चाचणी कायमची ठेवा. तिच्यात ऐरोली, तुर्भे, कऱ्हाड, ॲड., झेंडा, रुपयाचे चिन्ह, मोडीतले एक अक्षर आणि एक इमोजी असा एकच मजकूर साध्या फॉर्ममधून, फोटोसह असलेल्या फॉर्ममधून, जेक्वेरीतून आणि पत्त्याच्या ओळीतून पाठवावा, डेटाबेसमध्ये त्याचे हेक्स तपासावे, आणि तोच मजकूर पानावर, सीएसव्हीत व क्रॉनमधून गेलेल्या ईमेलमध्ये परत आला की नाही ते पाहावे. नुसते ‘ठाणे’ टाकून चाचणी करू नये. तो शब्द वर सांगितल्याप्रमाणे फार सहज तगून जातो.

तुमच्या बाबतीत मी काम या क्रमाने केले असते. आज संध्याकाळी डेटाबेसची पूर्ण प्रत काढा. मग प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवरील वेब-एक्सएमएल उघडून फिल्टरचा क्रम पाहा, क्रॉनच्या कामात लँग आणि फाइल-एन्कोडिंग द्या, जोडणीच्या पत्त्यात एन्कोडिंग लिहा, आणि नवी नोंद चाचणीत शाबूत राहते याची खात्री झाल्याशिवाय जुन्या नोंदींना हात लावू नका. त्यानंतर बिघडलेल्या दहा नावांचे हेक्स काढून पाठवा. सी३ए० ने सुरू होणारी किती आणि ३एफ ने, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बाइटने, भरलेली किती, यावरून कोणती नावे आज्ञेने परत येतील आणि कोणत्या सभासदांना फोन करून नाव विचारावे लागेल, हे ठरवता येईल.